आप्पांची जागा

प्रिय साउंडवाले दादा,

आषाढीच्या रात्री तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. भैरवी संपली तेव्हा तुम्ही लालबागला केबल गुंडाळत होतात आणि मी मुलुंडला आप्पांच्या उशाशी. म्हणून हे पत्र, चारचौघांनाही वाचता येईल असं.

आप्पा आमच्या चाळीच्या भजनी मंडळातले जुने टाळकरी. आता दृष्टी गेली, घराबाहेर पडवत नाही. गेल्या आषाढीला मोबाइलवरून थेट भजन दाखवलं, तर दहा मिनिटांत म्हणाले, "बंद कर. हे सगळं समोरून येतंय." मला तेव्हा काही उमगलं नाही. यंदा स्पीकरची चौकशी केली तेव्हा जो तो खोलीचं माप आणि बजेट विचारायचा. तुम्हाला आप्पांचं ते वाक्य सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, "भजनात ते बसायचे कुठे?"

बुवांच्या मागे, टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत. तालमीच्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये आलात आणि त्याच जागी मांडी घालून, डोळे मिटून बसलात. एक अख्खी गौळण होईपर्यंत उठला नाहीत. मी दारात उभी राहून बघत होते, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मग त्या जागेच्या हिशोबाने माइक लावलेत. बुवांचा गळा मधल्या चॅनलला, म्हणजे आमच्या घरच्या मधल्या स्पीकरला, पेटी समोर डावीकडे, पखवाज उजवीकडे आणि पाठीमागच्या रांगेवर रोखलेले दोन माइक मागच्या दोन चॅनलना. थेट प्रक्षेपणाच्या ओबीएस सॉफ्टवेअरमध्ये दोन चॅनलच्या स्टिरिओचं 5.1 केलंत, म्हणजे पाच चॅनल आणि खर्जाची एक वेगळी लाइन. ती खर्जाची, 'पॉइंट वन'ची लाइन मात्र रिकामी ठेवलीत. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमार घरचा रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा, आपोआप सबवूफरकडे, खर्जाच्या स्पीकरकडे वळवतो, हे तुमच्याकडूनच कळलं.

घरी तर जागेचीच पंचाईत. खाट भिंतीला टेकलेली, मागचे स्पीकर ठेवायचे कुठे? तुम्ही खाट हातभर पुढे ओढायला लावलीत, एक स्पीकर कपाटावर आणि एक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलात, कानांच्या रेषेच्या जरासे मागे. टेपने अंतरं मोजून रिसीव्हरमध्ये भरलीत. आवाजाला मीटरभर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, म्हणून जवळचा स्पीकर तेवढा थांबवायचा. सबवूफरखाली चौपदरी गोधडी घातलीत, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे म्हणून. हे तर मी सांगितलंही नव्हतं. जिन्यात दुपटी वाळत घातलेली तुम्ही पाहिली होतीत.

आणि एकादशीला, भजनाला अर्धा तास उरलेला, तुम्ही तिकडे एकेका माइकवर टिचकी मारताय आणि इथे सगळ्या टिचक्या समोरूनच! माझे हातपाय गळाले. तुम्ही फोनवर शांतपणे म्हणालात, "ताई, टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये जा. पीसीएम लिहिलंय का?" तेच होतं. टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज नेणाऱ्या एआरसीच्या वायरीतून पीसीएमचे, म्हणजे टीव्हीने आधीच उलगडलेल्या आवाजाचे, दोनच चॅनल जातात. बिटस्ट्रीम केलं, म्हणजे आवाज न उलगडता रिसीव्हरकडे धाडला, आणि पुढची टिचकी आप्पांच्या पाठीमागे वाजली. त्यांनी मान वळवली.

गजर सुरू झाला तसे ते उशीवरून उठून बसले. थोड्या वेळाने हात हलायला लागले, टाळ धरल्यासारखे. मग म्हणाले, "डावीकडे मागे कोण बसलाय गं? त्याचा टाळ मागे पडतोय."

तुम्हीही लक्ष दिलं असेल. यंदाच मंडळात आलेला तो कॉलेजचा मुलगा. मी त्याला तसं कळवलं. रविवारी तो टाळ घेऊन येणार आहे, आप्पा शिकवणार आहेत. दुसऱ्या खेपेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, खिचडीही घाईत उभ्यानेच खाल्लीत. रविवारी तुम्हीही या, निवांत बसायला. आप्पांनीच बोलावलंय.

तुमची,
आप्पांची मुलगी