काकू, "पाऊस कुठल्या बाजूला?" एवढंच विचारल्याबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय सोसायटीतले निम्मे लोक विचारताहेत की श्रीलंकेचं तुमचं जमलं कसं. त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

टूर कंपनीनं दिलेला तो गुळगुळीत कागद तुम्हाला आठवत असेल. कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, मिरिस्सा, आणि मिरिस्साहून बोटीनं देवमासे बघायला. तेही ऑगस्टमध्ये. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "तेव्हा पाऊस कुठल्या बाजूला असतो?" आणि मग तो कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर बेटाचा नकाशा काढलात. मध्ये डोंगर, डावीकडे तिरप्या रेघा, उजवीकडे कोरी जागा. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो-गॉलचा किनारा आणि डोंगरांची पश्चिम बाजू झोडपून काढतो आणि पलीकडे त्रिंकोमालीला ऊन तापत असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून येतो, तेव्हा पाळी उलटते. महाबळेश्वर भिजत असताना माण-खटावमध्ये टँकरची वाट बघतात हे माहीत असलेल्या माणसाला हे समजायला किती वेळ लागणार? महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून थोडासाच मोठा देश, पण त्याचा ऋतू एक नाही, हे त्या छापील कागदावर कुठेच नव्हतं.

तुमच्या सांगण्यावरून दक्षिण किनारा अख्खा रद्द केला. हे जरा कुरकुरले, गॉलचा किल्ला बघायची त्यांची फार इच्छा होती. पण आगगाडीनं त्यांचा राग घालवला. कँडीहून बदुल्लाकडे जाणाऱ्या गाडीत नानु ओयापर्यंत आम्ही धुक्यात होतो. स्वेटर, बंद खिडक्या, बाहेर चहाचे मळे असल्याचा नुसता अंदाज. पट्टिपोळा गेलं, बोगदा लागला आणि ओहियाच्या बाजूला बाहेर पडलो तर लख्ख ऊन! तुम्ही नकाशावर त्या डोंगराला दोनदा गिरवून "इथे बघ हं" का म्हणाला होतात, ते तेव्हा कळलं. डब्यातल्या एका आजोबांनी सांगितलं की ऊवा भागातला सर्वांत चांगला चहा याच दिवसांतला. पश्चिमेला पाऊस सांडून आलेला कोरडा वारा या उतारावर वाहतो आणि पानाला तो वास येतो. हापुटळेला प्यायलेल्या त्या चहानंतर घरचा चहा काही दिवस मिळमिळीत लागला, हे तुमच्यातच ठेवा.

मिन्नेरियाचं श्रेयही तुमचंच. कोरड्या भागातले ते अजस्र तलाव माणसांनी बांधलेले आहेत, हे मुलाला पटेना. मिन्नेरिया तिसऱ्या शतकातल्या महासेन राजाचा. पुढे बाराव्या शतकात पराक्रमबाहूनं पोलोन्नारुवाला समुद्र म्हणावा एवढा जलाशय केला. पावसाचा एक थेंबही लोकांच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू नये, असा त्याचा हुकूम होता म्हणतात. ऑगस्टमध्ये मिन्नेरियाचं पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती कळपांनी तिथे उतरतात. एक हत्तीण गवताची जुडी उपटून पुढच्या पायावर आपटत होती, मुळांची माती झडली की मगच तोंडात. आपण मेथीची जुडी झटकतो ना, अगदी तशी. सिगिरियाला मात्र जिन्यावर इतकी रांग होती की कश्यप राजाचा महाल बघितला की पुढच्या माणसाची पाठ, सांगता येत नाही.

त्रिंकोमालीला कोणेश्वराच्या देवळाच्या वाटेवर किल्ल्यात ठिपक्यांची हरणं गाईगुरांसारखी फिरतात आणि हातातली केळी मागतात. निलावेलीचा समुद्र तर ऑगस्टमध्ये इतका शांत की पोहता न येणारी मीसुद्धा कमरेपर्यंत गेले.

आणि तुमची चिठ्ठी! "उंबलकड एपा", म्हणजे सिंहलीत "वाळवलेला मासा नको", हे देवनागरीत लिहून दिलंत ते बरं झालं. पोळ सांबोल म्हणजे ओल्या नारळाची लाल चटणी, त्यात काय असणार, असं समजून शाकाहारी माणूस बिनधास्त खातो आणि त्यात वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. चिठ्ठी वाचून दाखवली की बायका हसायच्या आणि समोरच ताजा नारळ खवून द्यायच्या. पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते, दुकानांचा भरवसा नको, हेही तुमच्यामुळे आधी माहीत होतं. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कित्तुळ माडाची काकवी, यावर वेगळं पत्र लिहीन.

खरं लिहायचं होतं ते जाफनाबद्दल. काकांच्या नोकरीमुळे नव्वदच्या दशकात तुम्ही कोलंबोत इतकी वर्षं राहिलात, पण यादवी युद्धामुळे उत्तरेला जाता आलं नाही. नकाशावर तुम्ही तिथे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतंत. 1990 मध्ये बंद पडलेली जाफनाची रेल्वे 2014 मध्ये पुन्हा सुरू झाली. आम्ही मात्र बसनंच गेलो. पुढचं बाक भिक्खूंसाठी राखीव, बाकी गर्दी आपल्या एसटीसारखी. एलिफंट पासनंतर सगळं सपाट, ताडाची झाडं, आणि बारमाही नदी नाहीच. चुनखडीच्या जमिनीतल्या विहिरींवर कांदा आणि तंबाखूची शेती. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात उत्सव चालू होता, पुरुषांनी सदरे काढून आत जायचं, ह्यांनी पोट आत ओढून दर्शन घेतलं. सार्वजनिक वाचनालयही पाहिलं. 1981 मध्ये जाळलं तेव्हा सुमारे 97,000 पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. आता इमारत पांढरीशुभ्र आहे, आत शाळेची मुलं परीक्षेचा अभ्यास करत बसलेली. तिथल्या बाईंना तुमच्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, आता घेऊन या की त्यांना.

तर काकू, प्रश्नचिन्हाच्या जागी मी जमेल तसं भरलं आहे, फोटो पेनड्राइव्हवर आहेत. गुडघ्यांचं कारण सांगू नका, जाफन्यात चढ नाही.

धाकटी नणंद जानेवारीत निघते आहे आणि आमचाच कार्यक्रम उचलून त्रिंकोमालीचं बुकिंग करत होती. तिला थांबवलंय. रविवारी संध्याकाळी कागद घेऊन तिला तुमच्याकडे पाठवते, यावेळी रेघा उजवीकडे मारा आणि गॉल, मिरिस्सा तिला द्या. श्रीपाद डोंगराची यात्राही तेव्हा चालू असते ना, तेही सांगा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई