उतारवय आणि रहस्यकथा

रविवारच्या पुरवणीतील ज्येष्ठांच्या वाचनावरील लेख वाचला. साठीनंतर रहस्यकथांसारखे ‘वेळकाढू’ वाचन सोडून द्यावे, हे त्यातील मत अजिबात पटले नाही. माझे वय 76. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके दप्तरात लपवून वाचली. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने माझ्यासारख्या कित्येकांना वाचनाची गोडी लावली. तेव्हा खुनी कोण, एवढीच उत्सुकता असे. आता तीच कथा पुन्हा हाती घेतो तेव्हा शेवट ठाऊक असतो आणि लक्ष जाते ते खोटे बोलणाऱ्याच्या भीतीकडे, जिला कुणीच काही विचारले नाही त्या म्हाताऱ्या मोलकरणीकडे. ही नजर वयानेच येते. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पलही वृद्धाच. आयुष्यभर माणसे न्याहाळली, म्हणूनच तिला गुन्हा उलगडतो.

खरी अडचण डोळ्यांची आहे. मोतीबिंदू काढल्यावरही जुन्या आवृत्त्यांचा बारीक टाइप मला भिंगाशिवाय वाचता येत नाही आणि दहा पानांत हात भरून येतो. 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय जपणाऱ्या ठाण्यात असे वाचक कमी नसतील. प्रकाशकांनी निवडक रहस्यकथा मोठ्या टाइपात काढाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे