तिकिटावरच्या वेळा वजा करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.
इंदूरच्या कितीतरी घरांतली मुले लंडनला आहेत. तिकीट हाती आले की वडीलधारी मंडळी वेळा सरळ वजा करतात आणि फसतात, कारण त्या स्थानिक असतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 2 ला निघून तिथल्या संध्याकाळी 6.30 ला पोहोचणारे विमान साडेचार नव्हे, 10 तास घेते; साडेपाच तासांचा फरक मिळवावाच लागतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो साडेचार धरा. सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. ताशी 900 ने 8 तास निघतात खरे, पण धावपट्टीची रांग, वळसे आणि समोरचा पश्चिमी वारा वेळ खातात. परतताना हाच वारा पाठीशी असतो. इंदूर-मुंबई तिकीट वेगळे असल्यास मध्ये किमान चार तास ठेवा. सामान बहुधा स्वतःच उतरवून पुन्हा द्यावे लागते.

— एक वाचक, इंदूर