दारातला सौदा मोडायला सात दिवस द्या

मा. ग्राहक संरक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी आई नाशिकला सिडकोत एकटी राहते. गेल्या महिन्यात भर दुपारी दोन मुलं दारात आली. "काकू, पाणी तपासायचंय, फुकट आहे." नळाच्या पाण्याच्या ग्लासात त्यांनी वायरीचं यंत्र बुडवलं आणि बघता बघता पाणी तपकिरी झालं. शेजारचा फिल्टरच्या पाण्याचा ग्लास मात्र तसाच नितळ. आई घाबरली. साडेअठरा हजारांचा फिल्टर, पाच हजार जागेवर.

साहेब, तो गाळ नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाचा नव्हता. यंत्राच्या कांडीतलंच लोखंड विजेमुळे सुटतं आणि पाण्याला गंजाचा रंग येतो. त्यांचा फिल्टर आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा; त्याच्या पाण्यात क्षार नावालाच असतात, त्यातून वीज फारशी जात नाही, म्हणून ते नितळ राहतं. चिमूटभर मीठ टाकलं असतं तर त्यांचाही ग्लास रंगला असता! पण भर दुपारी झोपेतून उठलेल्या बाईला हे कसं सुचावं?

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "बिल फाटलं, आता परत नाही." खोकं अजून सीलबंद आहे.

२०२१ चे थेट विक्रीचे, म्हणजे दुकानाबाहेर विक्रेत्यांमार्फत होणाऱ्या विक्रीचे, केंद्रीय नियम मी वाचले. ओळखपत्र आणि आगाऊ परवानगीशिवाय विक्रेत्याने घरी जायचं नाही, असं त्यात आहे. 'कूलिंग ऑफ'ची, म्हणजे दंड न भरता करार मोडायची, मुदतही आहे, पण ती कंपनीशी करार करणाऱ्या विक्रेत्याला. माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही! वस्तू सदोष असेल तर ग्राहक कायदा मदतीला येतो. आमचा फिल्टर चांगलाच असेल, फसवा होता तो सौदा. आयुर्विमा पॉलिसी घेतली तर विचार बदलायला ३० दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये अशा दारातल्या बहुतेक खरेदीला १४ दिवस आहेत.

नियम केंद्राचे, हे मान्य. पण थेट विक्रीवर देखरेखीची यंत्रणा उभारायची जबाबदारी त्याच नियमांनी राज्यावर टाकली आहे. ती नाशिक जिल्ह्यात कुठे बसते, तक्रार कोणाच्या टेबलावर द्यायची, एवढं आधी जाहीर करा. आणि केंद्राकडे आग्रह धरा: दारात झालेली विक्री कारण न देता सात दिवसांत रद्द करता यावी, आणि रद्द करायचा फॉर्म बिलाच्याच मागे, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापलेला असावा. आईला चष्मा लागतो.

आपली,
एक ग्राहक, नाशिक