व्हीआर हेडसेट घेण्याआधी खोली मोजा, पंखा बघा

प्रति,
मा. संपादक,

विषय : व्हीआर गेमिंग हेडसेट अपेक्षेला उतरतात का?

महोदय,

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की सांगली, मिरज, कराड आणि साताऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत व्हीआर हेडसेटची, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात खेळायच्या यंत्राची, चौकशी वाढते. ‘पोराला घेऊन द्यावा का?’ असा पालकांचा प्रश्न असतो आणि उत्तर बहुतेक वेळा खोक्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून दिले जाते. यातले बरेच हेडसेट दिवाळीपर्यंत कपाटावर धूळ खात पडतात. यात दोष यंत्राचा किती, खेळांचा किती आणि आपल्या दहा बाय बाराच्या हॉलचा किती, हे सुटे करून सांगावे म्हणून हे पत्र.

माझे मत आधीच सांगतो. अर्धा-पाऊण तास उभे राहून, अंग हलवून खेळायच्या खेळांत व्हीआरने दिलेला शब्द पाळला आहे. टीव्हीसमोर बसून तासन्‌तास खेळायच्या मोठ्या खेळांची जागा मात्र त्याने घेतलेली नाही आणि इतक्यात घेईल असे दिसत नाही.

अपेक्षा वाढवल्या त्या कंपन्यांनीच. ऑक्युलस कंपनीच्या रिफ्ट या हेडसेटसाठी २०१२ मध्ये लोकवर्गणी झाली, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलर मोजून घ्यायचे ठरवले, २०१६ मध्ये रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि प्लेस्टेशन व्हीआर असे तिन्ही हेडसेट बाजारात आले. २०१७ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी १ अब्ज माणसे व्हीआरमध्ये आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. प्रत्यक्षात काय झाले? २०१९ अखेर सोनीचे प्लेस्टेशन ४ हे गेमिंग यंत्र दहा कोटींवर विकले गेले होते, त्यावर चालणारा व्हीआर संच ५० लाख. म्हणजे वीस घरांत जेमतेम एक. मेटाच्या (म्हणजे पूर्वीच्या फेसबुकच्या) व्हीआर विभागाला २०२४ या एका वर्षात १७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स हा मार्च २०२० मधला खेळ आजही उत्तम व्हीआर खेळ म्हणून पुढे केला जातो. खेळ खरोखर अप्रतिम आहे, पण इतक्या वर्षांनंतरही उदाहरण द्यायला पुन्हा तोच लागतो, यातच सगळे आले.

असे का व्हावे? पहिले कारण आपल्या कानात आहे. पसरणी घाटात बसमध्ये मोबाइलवर वाचत बसले की मळमळते, कारण कान सांगतो ‘हलतोय’ आणि डोळे सांगतात ‘स्थिर आहे’. व्हीआरमध्ये नेमके उलटे होते. हातातल्या कंट्रोलरवरची छोटी काठी पुढे ढकलून खेळातला माणूस पळू लागला की डोळ्यांना वेग दिसतो, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र स्थिरच असतो. म्हणून ज्या खेळात तुमची खरी पावले हीच खेळातली पावले असतात, तिथे त्रास जवळजवळ होत नाही. टेबल टेनिस, मुष्टियुद्ध, किंवा संगीताच्या ठेक्यावर ठोकळे कापायचा बीट सेबर ही त्याची उदाहरणे. विमान आणि मोटारीचे खेळ पुष्कळांना झेपतात, कारण कॉकपिटची चौकट नजरेसमोर स्थिर राहते. बंदूक घेऊन धावाधाव करायचे खेळ नवख्याला दहा मिनिटांत घाम फोडतात.

यावर उपाय आहेत. सेटिंगमध्ये सरळ चालण्याऐवजी खेळात एका जागेवरून क्षणात दुसरीकडे जाण्याचा म्हणजे टेलिपोर्टचा पर्याय घ्यावा. वळणे सलग न ठेवता ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्याने ठेवावीत. हालताना चित्राच्या कडा काळ्या होतील असा पर्याय चालू ठेवावा. समोर एक स्टँडचा पंखा लावावा. चेहऱ्यावर एकाच बाजूने वारा येत राहिला की आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते कळत राहते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो तसाही हवाच. पहिले काही दिवस १० ते १५ मिनिटांवर जाऊ नये. मळमळ सुरू झाल्यावर ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. तसे केले की पुढच्या वेळी हेडसेट नुसता हातात घेतला तरी नकोसे वाटते.

दुसरे कारण वजन. मेटाच्या क्वेस्ट ३ या हेडसेटचे वजन ५१५ ग्रॅम आहे आणि त्यातले बहुतेक कपाळासमोर लोंबते. बहुतेक जण बाजूचे पट्टे करकचून आवळतात. मग गालाची हाडे दुखतात, डोळ्यांभोवती लाल वळ उठतात आणि चित्र तरीही धूसर राहते. नीट पद्धत अशी : सगळे पट्टे सैल करा, मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसवा, मग हेडसेट डोळ्यांवर आणा. डोक्यावरून जाणाऱ्या पट्ट्याने वजन उचलायचे, बाजूच्यांनी फक्त सरकू द्यायचे नाही. त्यानंतर हेडसेट मिलिमीटर-मिलिमीटरने वर-खाली करत अक्षरे स्पष्ट होतील ती जागा शोधायची. मागच्या पट्ट्याला पॉवर बँक बांधली तर तोल साधतो आणि चार्जिंगही वाढते. नाहीतर क्वेस्ट ३ दोन-सव्वादोन तासांत मान टाकतो. पॉवर बँक किमान १८ वॅटची असावी, कमी ताकदीची असेल तर चार्ज वाढायच्या ऐवजी उतरतच राहतो.

डोळ्यांच्या बाबतीत एक माप दुकानात कोणी काढत नाही, ते म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ६३ मिलिमीटर असते. चष्म्याच्या दुकानात विचारले तर लगेच मोजून देतात. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून भिंगे हवी तशी सरकवता येतात. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे आहेत. लहान मुलांचे अंतर ५८ च्याही खाली असते, त्यामुळे चित्र जुळत नाही आणि डोके दुखते. मेटाने वयोमर्यादा १० वर्षे ठेवली आहे, १० ते १२ च्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीचे खाते लागते. सोनीची मर्यादा १२ वर्षांची आहे. जत्रेत सहा-सात वर्षांच्या पोराच्या डोक्याला हेडसेट बांधला जातो, तेव्हा ही मर्यादा सरळ धाब्यावर बसवलेली असते.

शिवाय चित्र कितीही जवळचे दिसले तरी भिंगांमुळे डोळ्याला नजर एक-दोन मीटरवरच रोखावी लागते. खेळातली चिठ्ठी नाकाशी धरून वाचली की डोळे शिणतात ते यामुळे. ती हात लांब करून वाचावी. निरोगी डोळ्याला नजरेच्या एका अंशात सुमारे ६० ठिपके वेगळे दिसू शकतात, क्वेस्ट ३ सुमारे २५ देतो. बारीक अक्षर अजून टीव्हीइतके का स्वच्छ दिसत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. चष्मा असेल तर मधली जागा वाढवणारी चौकट लावावी, नाहीतर चष्म्याच्या काचेने हेडसेटच्या भिंगावर ओरखडे पडतात. ते जात नाहीत.

आता खोली. हिंडून-फिरून खेळायला किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा लागते. आपल्या हॉलमध्ये दिवाण, शोकेस आणि टीव्ही मांडल्यावर तेवढी उरतेच असे नाही. हेडसेटमध्ये खेळायच्या जागेची हद्द आखताना ती भिंतीच्या कडेने आखू नये, हातभर आत आखावी, कारण पाय हद्दीत असला तरी हात पुढे जातो. कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवलीच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छताचा पंखा. हेडसेट जमिनीवरची हद्द दाखवतो, वरचा पंखा दाखवत नाही. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाने कंट्रोलर धरून हात वर ताणला की तो साडेसात फुटांच्या आसपास जातो, उडी मारली की आणखी वर. पोटमाळ्याच्या खाली किंवा पत्र्याच्या खोलीत पंख्याचे पाते तेवढ्यावरच फिरत असते. यात बोटे चिरण्याचा धोका असतो. खेळताना छताचा पंखा बंद म्हणजे बंद.

खेळताना हात मध्येच हवेत तरंगत गेला किंवा जागा हलल्यासारखी वाटली, की लोक ‘मशीन खराब’ म्हणून दुकानात धावतात. बहुतेक वेळा दोष प्रकाशाचा किंवा खोलीचा असतो. हेडसेटचे कॅमेरे खोलीतल्या खुणा पाहून जागा ठरवतात. सगळ्या भिंती कोऱ्या पांढऱ्या असतील तर त्यांना पकडायला काही मिळत नाही. दोन-तीन कॅलेंडरे लावली तरी फरक पडतो. मोठा आरसा किंवा काचेचे शोकेस असेल तर त्यावर चादर टाकावी. जुन्या चोकची ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर सेटिंगमध्ये जागा टिपण्याची म्हणजे ट्रॅकिंगची वारंवारता ५० हर्ट्झ निवडावी, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. गणपतीत आणि दिवाळीत लावलेल्या बारीक दिव्यांच्या माळा कंट्रोलरच्या दिव्यांसारख्या भासतात, तेव्हा त्या तेवढ्या वेळापुरत्या बंद कराव्यात. उलट थेट ऊन मात्र कधीही भिंगावर पडू देऊ नये. हेच भिंग उन्हात बहिर्गोल भिंगाचे काम करते आणि आतला पडदा थोड्याच वेळात कायमचा जळतो. गच्चीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर हेडसेट ठेवू नका.

कॉम्प्युटरला जोडून खेळणाऱ्यांची फसगत वेगळी. ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे दाखवताना, प्रत्येक चित्र ११ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. तेवढा दम ग्राफिक्स कार्डात नसेल तर चित्र अडखळते आणि पुन्हा मळमळ. अ‍ॅलिक्ससाठी १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड ही कंपनीने सांगितलेली किमान गरज आहे. त्याखालच्या लॅपटॉपवर हट्ट करू नये. बिनतारी खेळायचे तर कॉम्प्युटर राउटरला वायरने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा आणि राउटर त्याच खोलीत असू द्या. राउटर हॉलमध्ये आणि खेळ बेडरूममध्ये, अशा मांडणीत चित्राचे चौकोन-चौकोन होतात आणि दोष हेडसेटला दिला जातो.

जुना हेडसेट घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. मायक्रोसॉफ्टची व्हीआर सोय असलेल्या विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालणारे हेडसेट, उदाहरणार्थ एचपी रिव्हर्ब जी२, स्वस्तात मिळतात, पण विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकली आहे. पहिल्या क्वेस्टसाठी नवे खेळ येणे थांबले आहे. पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरचे खेळ पीएस व्हीआर२ या पुढच्या संचावर चालत नाहीत. हेडसेट हातात आला की पूर्ण पांढरा पडदा उघडून पिवळे किंवा काळे डाग बघा, दोन्ही काठ्या सोडून दिल्यावर खेळातला माणूस आपोआप सरकतो का ते बघा आणि जुन्या मालकाच्या खात्यातून यंत्र काढल्याशिवाय पैसे देऊ नका. नवा घेताना बिलावरची वॉरंटी भारतात चालते का हे लेखी विचारा. मोबाइल खुपसायच्या तीन-चारशे रुपयांच्या प्लॅस्टिक डब्याला व्हीआर समजून मत बनवू नका. त्यात मान वळलेली कळते, पण एक पाऊल पुढे टाकले तर चित्राला पत्ता नसतो.

शेवटी आपल्या भागात मॉलमध्ये आणि यात्रांत चालणाऱ्या व्हीआर केंद्रांविषयी. एकाच हेडसेटचा स्पंज दिवसभर पन्नास चेहऱ्यांचा घाम पितो. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ सुरू झाली की हे थेट पसरवण्याचे साधन ठरते. स्पंजाऐवजी पुसता येणारे सिलिकॉनचे आवरण लावावे, प्रत्येक ग्राहकानंतर ते पुसावे, भिंगे मात्र कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसावीत; सॅनिटायझर लागला की त्यावरचा थर उडतो. फिट येणाऱ्या किंवा पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नये, आणि हा फलक मराठीत, तिकीट खिडकीवरच असावा. यात्रांतल्या पाळण्यांना परवाना देताना जो अर्ज घेतला जातो, त्याच अर्जात या केंद्रांसाठी वय, स्वच्छता आणि मोकळ्या जागेचे तीन रकाने वाढवणे अवघड नाही.

दुकानदारांना एकच विनंती आहे. एक हेडसेट उघडून ठेवा आणि घेणाऱ्याला पूर्ण अर्धा तास घालू द्या. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाचा ‘वा!’ निघतो. मान, गाल आणि पोट काय म्हणतात ते विसाव्या मिनिटानंतर कळते.

आपला,
व्हीआर संच जोडणी व दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक,
विश्रामबाग, सांगली