निर्लेखनाआधी एक संगणक विहिरीसाठी ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून औशातल्या माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात शाळांचे, पतसंस्थांचे, ग्रामपंचायतींचे जुने डबे ‘याला अकरा टाकून द्या’ म्हणून येत आहेत. त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. मग संगणक निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करून मोडीत काढायच्या, यादीत जातो, वर्ष-दोन वर्षं कपाटावर धूळ खातो आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात निघतो. माझी मागणी साधी आहे. यातला एक चालू संगणक प्रत्येक गावाने ठेवून घ्यावा, त्याला हजाराच्या आत-बाहेर मिळणारा वेबकॅम जोडावा आणि पाणीपातळीचे फोटो आपोआप काढायला तो पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर लावावा. या कामाला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे अपडेट बंद झाले तरी बिघडत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जिल्ह्याचा अंदाज बांधायला ते ठीक आहे. पण गावाचं चार आकड्यांवर भागत नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी धरून ठेवणारा मुरमाचा थर पातळ. बाजूच्या रानातल्या मोटारी चालल्या की सकाळपर्यंत पातळी उतरलेली दिसते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने विहिरी गाळाने भरल्या. टँकरचा प्रस्ताव असो की पंचनामा, वाद एकाच गोष्टीवर अडतो: पाणी तळाला नेमकं कधी गेलं, गाळ नेमका कधी आला? गावात जो तो आपल्या सोयीची तारीख सांगतो.

जवळच्याच एका गावात शाळेच्या खोलीला लागून विहीर आहे, तिथे मी हे बसवून दिलं आहे. विहिरीच्या आतल्या बाजूने पांढऱ्या ऑइलपेंटने दर फुटाला रेघ आणि आकडा टाकला. काठावर लोखंडी पाइप आडवा बसवून त्याच्या टोकाला पत्र्याच्या डबीत कॅमेरा, तोंड खाली. यूएसबी वायर पाच मीटरपेक्षा लांब नेऊ नका, संगणकाला कॅमेरा दिसायचाच बंद होतो. अंतर जास्त असेल तर मध्ये अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन, म्हणजे सिग्नलला जोर देणारी जोडवायर, घाला. डबीला कोळी फार लवकर जाळं धरतो, तेवढं आठवड्याला कुणीतरी पुसावं लागतं.

आता सॉफ्टवेअर. विंडोजचा स्वतःचा कॅमेरा अॅप चांगला आहे, पण तो काही सेकंदांच्या अंतराने फोटो काढत राहतो. दर पंधरा मिनिटांनी एक, अशी सोय त्यात नाही. कॅमेरा चालतो की नाही हे पाहण्यापुरता मात्र तो आधी उघडावाच. तिथे चित्र आलं तर ड्रायव्हरची, म्हणजे कॅमेरा विंडोजला ओळखवणाऱ्या प्रोग्रॅमची, कटकट नाही असं समजायचं. आताचे बहुतेक वेबकॅम एकाच ठरलेल्या यूएसबी पद्धतीने बनतात आणि त्यांचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. सीडी शोधत बसायचं कारण नाही.

मी यॉकॅम (Yawcam) हा ठरवलेल्या अंतराने वेबकॅमचे फोटो काढून साठवणारा प्रोग्रॅम वापरतो. फुकट आहे, जुन्या यंत्रावरही चालतं. ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच पेनड्राइव्हवर घ्यावं. ‘फ्री वेबकॅम सॉफ्टवेअर’ असं शोधलं की वर जाहिरातीत जे येतं, ते टाकल्यावर ब्राउझरला चार नको त्या पट्ट्या चिकटतात आणि मग माणसं माझ्याकडे येतात. माझा धंदा होतो, पण तो धंदा मला नको.

टाकून झाल्यावर निम्म्या लोकांची अडचण एकच असते: स्क्रीन काळी. कॅमेरा खराब नसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेऱ्याचं पान आहे. वरचं बटण चालू करून लोक थांबतात. पण त्याच पानावर खाली ‘डेस्कटॉप अॅप्स’साठी वेगळं बटण आहे, आणि यॉकॅमसारखे बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम त्या बटणाखाली येतात. तेही चालू पाहिजे. तरी काळं असेल तर दुसरा एखादा प्रोग्रॅम कॅमेरा धरून बसला आहे का बघा. मघाशी चाचणीला उघडलेला कॅमेरा अॅप बंद करायचा राहिलेला असतो, बहुतेक वेळा तोच. अँटिव्हायरसही कधी कधी वेबकॅम अडवतो.

पुढे फाइलमध्ये साठवण्याचा पर्याय घेऊन अंतर पंधरा मिनिटं ठेवलं, वेळ उजेडापुरती. साध्या वेबकॅमला रात्री विहिरीत काही दिसत नाही आणि त्याची गरजही नाही, पहाटेचा पहिला फोटो रात्रीचा उपसा सांगतोच. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ. हा क्रम उलटा ठेवला की सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात आणि शोधणारा वैतागतो. फोटोच्या कोपऱ्यातही तारीख-वेळ उमटवता येते. एक फोटो दीडशे-दोनशे केबीचा, दिवसाचे पन्नासेक. वर्षाला तीन-साडेतीन जीबी. जुन्यात जुनी हार्डडिस्कही एवढं सहज पोटात घालते.

खरी डोकेदुखी लाइटची. लाइट जाते, येते आणि संगणक बंदच राहतो. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय लावायचा, विंडोजमध्ये स्लीप पूर्ण बंद करायची आणि यॉकॅम विंडोज सर्व्हिस म्हणून चालवायचं, म्हणजे कुणी पासवर्ड टाकायची वाट पाहत ते थांबत नाही. एवढं करूनही एक यंत्र दर वेळी अडायचं. उघडून पाहिलं तर मदरबोर्डवरचा बटण-सेल मेलेला. तो मेला की वीज जाताच घड्याळ पुसलं जातं आणि संगणक ‘एफ-वन दाबा’ म्हणून काळ्या पडद्यावर मुकाट उभा राहतो. कुणी दाबलंच, तर तारीख यंत्र बनलं त्या सालावर गेलेली असते. इंटरनेट नसल्याने ती आपोआप दुरुस्तही होत नाही. चैत्रातल्या पाण्याचा फोटो आणि त्यावर २०१२ सालची तारीख, असला पुरावा तलाठी काय, शिपाईसुद्धा घेणार नाही. म्हणून जुना संगणक या कामाला घेताना सीआर २०३२ हा सेल आधी बदला. चहा-भज्यांच्या खर्चात येतो.

आणखी एक गोष्ट, ती तांत्रिक नाही. कॅमेरा बसला त्याच दिवशी पाण्याला आलेल्या बायांनी विचारलं, ‘भाऊ, आमचे फोटो कशाला काढायलाव?’ प्रश्न रास्त होता. त्यांना खोलीत नेऊन स्क्रीन दाखवली: पाणी, दगडी भिंत, रेघा, एवढंच. एकीने स्वतः काठाशी उभं राहून पाहिलं, हात दिसतो का. घागर सोडल्यावर दोर दिसतो, माणूस नाही. कॅमेरा कुठेही लावा, काठ आणि रस्ता चौकटीत येता कामा नये, आणि हे बसवण्याआधी ग्रामसभेत दाखवावं. ज्यांना पाणी भरायचं आहे त्यांचा विश्वास नसेल तर वायर आठवड्यात कुणीतरी कापेल, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

जिल्हा परिषदेने यासाठी नवी योजना, निविदा, ठेकेदार असं काही काढू नये. निर्लेखनाच्या आदेशात एक ओळ वाढवावी, की चालू स्थितीतला एक संगणक भंगारात न काढता पाणीपातळीच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीला किंवा शाळेला द्यावा. महिन्याचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन ग्रामपंचायतीत जपावेत आणि टँकरचा प्रस्ताव किंवा विहिरीचा पंचनामा करताना तहसीलने ते पाहावेत. बसवायला अडचण आली तर बाजाराच्या दिवशी यंत्र घेऊन माझ्याकडे या. या कामाची मजुरी मी घेत नाही, सेलचे तेवढे द्या.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला,
औसा, जि. लातूर