इंजिन बदलून दिलंत, पण गाडी चढत नव्हती : पंप आणि टर्बोचे पैसे परत मिळण्याबाबत

दिनांक : 12 ऑगस्ट 2024
मेढा, ता. जावळी, जि. सातारा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या जीपमध्ये बसवलेल्या टर्बोडिझेल इंजिनाची चुकीची जोडणी, त्यापायी झालेला नाहक खर्च आणि न मिळालेली कागदपत्रं.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमची जीप वडिलांनी 1996 साली घेतली. तिचं मूळ इंजिन थकलं म्हणून आपल्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये अडीच लिटरचं, मेकॅनिकल पंपाचं जुनं टर्बोडिझेल इंजिन ओव्हरहॉल करून बसवून घेतलं. यात पंप इंजिनाला डिझेल पुरवतो आणि टर्बो दाबाने हवा भरतो. त्यासाठी 1,85,000 रुपये भरले. 9 फेब्रुवारीला गाडी ताब्यात मिळाली. सहा महिन्यांची वॉरंटी पावतीवर लिहिलेली आहे.

त्याच दिवशी परत येताना खंबाटकी घाटात शंका आली. गाडीत आम्ही दोघेच होतो, मागे सामान नव्हतं. तरी पहिल्याच मोठ्या चढाला तिसरा गिअर सोडावा लागला. पेडल तळाला टेकवलं तरी आवाज वाढेना, वेग वाढेना, आणि सायलेन्सरमधून धूरही नाही. भरलेले ट्रक आम्हाला ओलांडून जात होते. दोन दिवसांनी फोन करून मी हेच सगळं, धूर नसल्याच्या गोष्टीसकट, आपल्या सुपरवायझरना सांगितलं. उत्तर मिळालं, “नवीन बसवलेलं इंजिन आहे, हजार किलोमीटर चालू द्या, मोकळं होईल.”

ते मोकळं झालं नाही. हंगामात स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन मला केळघर घाटाने महाबळेश्वरला जावं लागतं. दहा-बारा क्रेट ठेवले की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढायची. मार्च संपेपर्यंत मी भाड्याचा टेम्पो केला. घरची जीप अंगणात उभी असताना.

आपल्याकडे मी तीन वेळा आलो. फेब्रुवारीअखेरीस डिझेल फिल्टर बदलला. एप्रिलमध्ये पंप उतरवून कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलच्या मापाची जुळणी, केलं, नोझल बदलले, 24,000 रुपये घेतले. जूनमध्ये “टर्बो प्रेशर देत नाही” असं सांगून टर्बो बदलला, 31,500 रुपये घेतले. पंप आणि टर्बो वॉरंटीत येत नाहीत, हे मला दोन्ही वेळा बिल हातात पडल्यावर कळलं. गाडीत फरक तसूभरही पडला नाही. तिसऱ्या वेळी तर आपल्या माणसाने सांगितलं, “काका, जुनं इंजिन आहे, एवढंच ओढणार.” हे वाक्य मला फार लागलं. एवढंच ओढणार असेल तर साडेपंचावन्न हजारांचं काम कशासाठी केलंत?

जुलैमध्ये मी मिलिटरी अपशिंग्याच्या एका निवृत्त फौजी मिस्त्रींकडे गेलो. सैन्यात त्यांनी आयुष्यभर गाड्याच दुरुस्त केल्या. त्यांनी पाना हातात घेण्याआधी माझं सगळं ऐकून घेतलं. धूर नाही म्हटल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “डिझेल जास्त आणि हवा कमी असली तर काळा धूर येतो. धूरच नाही म्हणजे इंजिनाला डिझेलच मिळत नाही. आधी ते का मिळत नाही ते बघू.”

मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून त्यांनी पेडल पूर्ण दाबायला सांगितलं आणि स्वतः बॉनेटखाली वाकले. पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकायला हवा. तो बोटभर अलीकडेच थांबत होता. आमच्या जीपचं पेडल जुनं, पंप दुसऱ्या गाडीचा. दोघांची चाल जुळवून केबल बसवायची असते. आपण ती नुसती अडकवून दिली होती. म्हणजे पाच महिने आम्ही फुल रेस दिलीच नव्हती, देतोय असं वाटत होतं.

मग टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये त्यांनी पारदर्शक पाइप घालून हवा येते का ते पाहिलं. बुडबुडे नव्हते. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं भरलं. पंपाचं टायमिंग डायल गेजवर बरोबर निघालं. एवढं आपल्या बाजूने चांगलं आहे, तेही लिहितो. इंजिन आतून नीट बांधलेलं आहे.

खरी चूक पंपाच्या डोक्यावर होती. टर्बोडिझेलच्या या पंपाला वर डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, असतो आणि सिलिंडरांना हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी त्याला येते. टर्बोचा दाब वाढला की तो दाब या नळीतून डायफ्रॅमवर येतो आणि पंप डिझेल वाढवतो. आमच्या गाडीत ती नळीच नाही. नळी जोडायच्या पंपावरच्या तोटीवर, म्हणजे निपलवर, रबरी टोपी घातलेली आणि मॅनिफोल्डवरच्या भोकात बोल्ट. जीपच्या बॉनेटखाली जागा पुरत नाही म्हणून आपण दुसरं मॅनिफोल्ड लावलंत आणि नळीची जागा बंद करून टाकलीत. मिस्त्रींनी निपलवर हातपंपाने दाब दिला तर डायफ्रॅमने तो धरून ठेवला, म्हणजे डायफ्रॅम फाटलेलाही नव्हता. त्याला फक्त टर्बोची खबर पोचत नव्हती.

हे दोन्ही दोष दुरुस्त करण्याआधी त्यांनी मॅनिफोल्डला प्रेशर गेज लावून यवतेश्वरच्या घाटात गाडी चालवली. दाब जेमतेम 4 पीएसआय (हे दाब मोजायचं एकक). मग लिव्हरची चाल जुळवली, बोल्ट काढून तिथे निपल बसवला, नळी जोडली. त्याच चढावर, तेवढ्याच वजनाने, तिसऱ्या गिअरमध्ये 10 पीएसआय. गाडी कासच्या रस्त्यावर वर पोचेपर्यंत मुलगा एक शब्द बोलला नाही, नुसता गेजकडे बघत होता. खर्च आला नळी, निपल आणि मजुरी मिळून 1,400 रुपये.

टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूच्या जोरावर. डिझेलच कमी जळलं तर त्या वायूत जोर नाही, आणि टर्बो दाब कुठून देणार? जूनमध्ये दाब कमी दिसला म्हणून आपण टर्बो काढलात. तो टर्बो निर्दोष होता. दाब कमी असणं हा परिणाम होता, त्यालाच आपण कारण धरलंत आणि त्याचे पैसे माझ्याकडून घेतलेत. एप्रिलमध्ये तर पंप आपल्या टेबलावर होता. निपलवरची ती टोपी कुणाच्याच नजरेला पडली नाही?

आता आपल्याकडून सांगण्यात येतं की बाहेरच्या मिस्त्रीने हात लावल्यामुळे वॉरंटी संपली. हे मला मान्य नाही. एकही नट सोडण्याआधी टोपी, बोल्ट आणि लिव्हरचे फोटो, व्हिडिओ काढलेले आहेत. सोबत जोडले आहेत, तीनही फेऱ्यांच्या जॉबकार्डसह. तक्रार पहिल्या आठवड्यातली आहे.

माझी मागणी अशी आहे. 24,000 आणि 31,500 मिळून 55,500 रुपये आणि मिस्त्रींचे 1,400 परत करावेत. काढून घेतलेला माझा जुना टर्बो मला परत द्यावा, तो आपण ठेवून घेतला आहे. टेम्पोच्या भाड्याच्या पावत्या जोडल्या आहेत, त्याबद्दल काय करता ते आपणच लिहून कळवावं.

आणि सर्वांत निकडीचं म्हणजे इंजिनाचं मूळ बिल आणि ते कुठून आलं त्याचे कागद. इंजिन बदलाला मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. माझा अर्ज या कागदांवाचून अडला आहे. गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण 2026 ला आहे, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबरच बघेल. फेब्रुवारीपासून मला “पुढच्या आठवड्यात” हेच ऐकायला मिळतं.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. फोनवरचं आश्वासन मी धरणार नाही. उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क तो कायदा मला देतो.

आपल्या सुपरवायझरना इकडे यायचं असेल तर जरूर यावं. गेज अजून गाडीला लावलेलंच आहे. केळघरच्या घाटात त्यांच्यासमोर चालवून दाखवीन.

आपला ग्राहक,
जीपमालक, मेढा

सोबत : इंजिनाची व दुरुस्तीची बिलं, तीन जॉबकार्डं, फोटो व व्हिडिओ, टेम्पोच्या पावत्या